अवधूतसाठी बारा किलो

गिरीश,

घाबरू नकोस, खालच्या पार्कात चालायला गेलेय.

काल तुला न सांगता रिपोर्ट आणले. अवधूतला माझं लिव्हर जुळतंय, पण डॉक्टर म्हणाले, "तुमच्याच लिव्हरला चरबी धरलीय. आधी बारा किलो उतरवा." दोह्यात आल्यापासून वाढलेलं वजन मी हसण्यावारी नेत होते, आणि तिकडे नाशिकला माझा भाऊ त्यापायी अडकलाय!

मला रडू फुटलं तेव्हा नर्सने हात धरला. म्हणाली, "दीदी, कल सिर्फ बीस मिनट चलो."

माझ्या चहात साखर घालू नकोस.

तू लिव्हर द्यायला नको म्हणाला होतास, म्हणून लपवलं. भांडायचं असेल तर बूट घालून खाली ये, चालता चालता भांडू.

नमिता