मेणाचा हात

प्रायश्चित्तकाळ, पहिला आठवडा, सोमवार

ती. आत्यास,
येशूची स्तुती असो. सा. न. वि. वि.

वहिनीने लिहिलेलं तुझं पत्र मिळालं. अक्षर तिचं, पण बोलणं सगळं तुझं. वाचताना तू समोर बसून दटावते आहेस असंच वाटलं. वरची तारीख बघून हसू नकोस. शाळेत जायच्या आधी तू मला महिने शिकवलेस ते वेदीवरच्या कापडाच्या रंगांवरून. जांभळं आलं की गोड बंद, पांढरं आलं की नवा फ्रॉक. अजून माझ्या डोक्यात तेच कॅलेंडर आहे.

तुझं काम अंगावर घेतलंय. दरवर्षी या दिवसांत तू डोंगरावरच्या मारियामातेच्या चर्चला पायी जायचीस. यंदा लकव्यामुळे तुला जमत नाही, म्हणून तुझ्याऐवजी मी जाईन आणि दुखऱ्या अवयवासाठी वाहतात तसा तिथे मेणाचा हात वाहीन. तिथे बाहेर तयार हात मिळतात, तोच घे, असं वहिनीने खाली लिहिलं होतं. पण ते सगळे एका साच्यातले, बाहुलीच्या हातासारखे गुळगुळीत. मातेला कसं कळायचं हा कुणाचा? (असं मनात येणं हेही पाप आहे का? तिला तर सगळं कळतंच.) मी रोज दातांच्या कवळ्या बनवते, दिवसभर मेणातच हात असतात, मग आत्याचा हात मीच का करू नये? मालकांना विचारूनच मेण घेतलं. ते म्हणाले, आजवर तोंडातलं सगळं केलंस, आता बाकीचे अवयवही सुरू कर, धंदा वाढेल.

जेवणाच्या सुट्टीत बसून केला, आठवणीतून. करंगळी जराशी बाहेर झुकलेली. तर्जनीच्या टोकाला सुया टोचून टोचून झालेली खरबरीत जागा. जपमाळेचा मणी पुढे सरकवताना अंगठा जसा मुडपायचा, तसाच मुडपला. लॅबमधल्या मैत्रिणीने पाहिला आणि त्या खरबरीत जागेवर स्वतःचं बोट फिरवून बघितलं. मला आनंद झाला. मग लगेच वाटलं, हा गर्व तर नाही? म्हणून दोन दिवस तो कपाटात झाकून ठेवला, बघितला नाही.

ईस्टरपर्यंत हात हलला तर हलला, असं डॉक्टर दादाला म्हणाले ना? मग तो हलणारच. मी एकही पाऊल गाडीने टाकणार नाही.

दादा-वहिनींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ आहे तेवढा राहू दे.
तुझी,
शंकाबाई


प्रायश्चित्तकाळ, दुसरा आठवडा, मंगळवार

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

शनिवारी डोंगरावर जाऊन आले. सगळी वाट पायीच. टाचेला फोड आलाय, पण तक्रार नाही. तुझा हात मातेच्या पायाशी पोचला. गर्दी फार होती. लॅबमध्ये काम साचलंय, म्हणून थोडक्यात लिहिते. तुझ्या तब्येतीचं सविस्तर कळव.
तुझी शं.


प्रायश्चित्तकाळ, तिसरा रविवार

चि. शंकाबाईस,
येशूची स्तुती असो. अनेक आशीर्वाद.

हात पोचला हे वाचून जिवाला किती बरं वाटलं ते तुझ्या वहिनीला लिहिता येणार नाही, आणि मला सांगता येणार नाही. आज मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारात उभी राहून सगळ्या बायकांना सांगितलं की माझी भाची चालत गेली, स्वतःच्या हाताने केलेला हात वाहून आली. फादरांनीही ऐकलं. ते म्हणाले, पुढच्या रविवारी सगळ्यांच्या प्रार्थनेत हे घेऊ. (आत्याबाई दारात एवढा वेळ उभ्या राहिल्या की मागे रांग लागली. – वहिनी)

तुझं पत्र मात्र फार त्रोटक. एरवी तू पानभर तरी शंका लिहितेस. वाटेत चप्पल चुकून दुसऱ्याची घातली तर ती चोरी का, एवढं तरी विचारायचंस. फोडाला काही लावलंस का? कवळीवाल्या मालकांना सांग, माझे अजून सगळे दात आहेत, गिऱ्हाईक म्हणून माझ्याकडे डोळा ठेवू नका.

माझी तब्येत ठीक आहे. दादाचा आधार घेतला की पाय आता चर्चपर्यंत नेतो. हात आहे तसा आहे. (वन्सं, तसा नाही. मूठ वळायला लागलीय, बोटं सरळ होत नाहीत. नर्सबाई म्हणतात, लकव्यात असं होतं. आत्याबाईंनी हे लिहू नको म्हटलं होतं, पण तुम्हाला कळायला हवं. – वहिनी) तिने मधेच काहीतरी लिहिलंय, मला वाचू देत नाही. तू मनावर घेऊ नकोस.

पवित्र आठवड्यात घरी ये. लोभ करायला आम्ही आहोतच, तू फक्त अंग वाळवू नकोस.
तुझी आत्या


प्रायश्चित्तकाळ, चौथा आठवडा, बुधवार

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

हे पत्र तू एकटीनेच वाच. उत्तर वहिनीच लिहिणार, म्हणजे तिला कळणारच, हे मला माहीत आहे. तरी आधी तू वाच.

तुझा हात पोचला नाही. तो माझ्याकडे आहे. रुमालात गुंडाळून ब्लाउजांच्या खाली ठेवलाय.

चालत मी खरंच गेले. ते खोटं नाही. वर पोचल्यावर रांगेत उभी राहिले. वेदीच्या बाजूच्या दाराशी एक बाई मोठं ताट घेऊन उभ्या होत्या. लोक त्यात मेणाचे पाय ठेवत होते, हात, डोळे, कुणी मेणाचं बाळ. ताट भरलं की एक माणूस ते मागच्या अंगणात न्यायचा. माझ्यापुढे दोघी-तिघीच उरल्या तेव्हा दार उघडं राहिलं आणि मला अंगण दिसलं. तिथे चुलीवर एक हंडा होता आणि त्याने ते ताट त्यात उपडं केलं. एक पाऊल जरा वेळ उभं राहिलं, मग कलंडलं. माझा चेहरा बघून त्या बाई मायेने म्हणाल्या की अगं, एवढे सगळे ठेवायचे कुठे, याच्याच मेणबत्त्या होतात.

आत्या, मी रोज मेण वितळवते. कवळी करताना मेण जाऊन त्या जागी दुसरं काही येतं, तेच माझं काम. पण हा तुझा हात होता. त्या हाताने तू मला क्रुसाची खूण करायला शिकवलंस, माझा हात धरून, कपाळापासून. तो हंड्यात टाकवेना. मागच्या लोकांनी पुढे सरका म्हटलं आणि मी बाजूला सरकले ती सरकलेच. गुडघेही टेकले नाहीत. सरळ उतरायला लागले.

आणि मग तुला ते कार्ड लिहिलं. तू चर्चच्या दारात सगळ्यांना सांगितलंस. फादरांनी ते प्रार्थनेत घेतलं. आणि इकडे तुझी मूठ वळायला लागली. वहिनीने लिहिलंय ते मी कितीदा वाचलं. मी दिलाच नाही, तर तुला कुठून मिळणार?

इथल्या फादरांकडे पापकबुलीला गेले. ते म्हणाले, मेणाचा हात जवळ ठेवणं पाप नाही, आत्याला खोटं लिहिलं ते आहे, ते तिला सांगून टाक. प्रायश्चित्त म्हणून एवढंच. मी म्हटलं, एखादी जपमाळ द्या, दहा द्या, हे नको. त्यांनी आमच्या मधली जाळीची खिडकी लावून घेतली. तेव्हापासून पत्र लिहिते आणि फाडते. तोवर ख्रिस्तशरीर घ्यायचं नाही असं ठरवलं. सगळे उठून पुढे जातात तेव्हा मी बाकावर गुडघे आवळून बसून राहते, आणि शेजारची म्हातारी दर मिस्सेला मला ढोसते.

तू काही म्हण. फक्त गप्प राहू नकोस.
लोभ मागायचं तोंड नाही.
शं.


प्रायश्चित्तकाळ, पाचवा आठवडा, सोमवार

चि. शंकाबाईस,
आशीर्वाद आहेतच, ते काही मी परत घेतलेले नाहीत.

तुझं पत्र एकटीने वाचलं. मग वहिनीला बोलावून वाचायला दिलं, कारण तिला न सांगता तिच्याकडून उत्तर लिहून घेणं म्हणजे आंधळी कोशिंबीर झाली असती. तिने डोळे पुसले. (कांदा चिरत होते. – वहिनी)

पहिलं म्हणजे, मूठ वळली ती तुझ्यामुळे नाही. लकव्याने वळली. मारियामाता म्हणजे काय तुझ्या लॅबची मालकीण आहे, की माल पोचला नाही म्हणून ऑर्डर रद्द करील? असला हिशोब तिच्या माथी मारू नकोस. तुला मी प्रार्थना शिकवल्या, ही व्यापारी बुद्धी कुठून शिकलीस?

कार्डाचा राग आला. खोटं सांगणार नाही, चांगलाच आला. दुपारी जेवले नाही. मला तू खोट्यासाठी आभार मानायला लावलेस. फादरांना मी सांगितलं, ते हसले. बायकांना सांगणार नाही, तेवढी मी संत नाही.

आणि तुला एक ठाऊक नाही. हंड्यात वितळवतात हे मला माहीत होतं. मी इतकी वर्षं जाते, ते अंगण मी पाहिलं नसेल? म्हणूनच तुला पाठवलं. हात बरा कर म्हणून तो वाहायचा नव्हता. त्या हाताने शिवलं, वेदीची कापडं धुतली, तुझ्या वेण्या घातल्या. त्याचं काम झालं, तुझा तू घे, असं तिला म्हणायचं होतं. माझं मन तयार झालं होतं. पायाने जाता येईना, म्हणून माझ्या वतीने म्हणायला तुला सांगितलं. मी हे आधी नीट सांगायला हवं होतं, ती चूक माझी.

आता जे मनात होतं ते बोलते. नाताळात तू आलीस तेव्हा माझ्या डावीकडे बसलीस. जेवताना डावीकडे, चर्चमध्ये डावीकडे, जपमाळेच्या वेळी डावा हात हातात घेऊन बसलीस. मी एकदा मुद्दाम खुर्ची फिरवून घेतली, तर तू पाणी आणायला उठलीस. उजव्या हाताकडे तू एकदाही पाहिलं नाहीस. म्हणूनच मेणाचा माझ्या जुन्या हातासारखा एवढा हुबेहूब झाला. तुझी वहिनी रोज या हाताला तेल लावते. नाक मुरडते, पण लावते. (मी नाक मुरडत नाही. – वहिनी) मुरडते.

पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी चर्चमध्ये फादर लोकांचे पाय धुतील. तू त्या आधी ये. नखं कापायची आहेत, मुठीत रुततात, आणि वहिनीला बोटं उघडायची भीती वाटते. दुसरं प्रायश्चित्त मला सुचत नाही.

वाट बघते.
तुझी आत्या


पुनरुत्थानकाळ, पहिला आठवडा, गुरुवार

ती. आत्यास,
येशूची स्तुती असो. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. येताना मधेच उतरून डोंगरावर गेले, यावेळी बसने, आणि बसमध्ये बसल्याची शंका मनात आणली नाही. ताटवाल्या बाई तिथेच होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. मी हात ताटात ठेवला आणि तू सांगितले होतेस ते शब्द म्हटले. उरलेलं मागच्या अंगणात झालं असेल. परतीची बस होती, म्हणून थांबले नाही. रुमाल तेवढा परत आणला. त्याला मेणाचा वास येतो, धुवायचा आहे.

रविवारी ख्रिस्तशरीर घेतलं. तुझ्या शेजारून उठून गेले ते तू पाहिलंसच.

पवित्र गुरुवारच्या दुपारचं मात्र लिहायला हवं. वहिनीने कोमट पाणी आणून ठेवलं आणि स्वतः दाराआड उभी राहिली, ते मला दिसत होतं. करंगळी आधी उघडली. मग बाकीची, एकेक. मला वाटलं होतं, तुझा हात बारीक झाला असेल, बस. आत ओल होती. कातडी पांढरी पडून सुरकुतलेली, आणि नखांच्या चार लाल खुणा. वास आला. माझं तोंड कसं झालं असेल ते मला कळलं, कारण तू लगेच खिडकीकडे बघायला लागलीस आणि दूध उतू गेलं का म्हणून वहिनीला विचारलंस. दूध चुलीवर नव्हतंच.

मी धुतला, पुसला, नखं कापली. तू विचारलंस, किळस आली का गं. मी पटकन नाही म्हटलं. तू डाव्या हाताने तो उचलून मांडीवर ठेवलास.

आत्या, आली होती. खूप आली. गाडीत बसले आणि हेच टोचायला लागलं, की तुझ्याकडे माझं एक खोटं नुकतंच फिटलं आणि मी दुसरं ठेवून आले. पहिल्यासारखं दोन-तीन आठवडे मन खात बसायचं नाही, म्हणून आल्या आल्या हे लिहायला बसले, अजून पिशवी उघडली नाही. धुताना हात सोडावासाही वाटला. सोडला नाही, एवढं खरं आहे. पण त्यात माझं कौतुक काही नाही, माझ्या बोटांत तुझी बोटं अडकली होती.

वहिनीला सांग, पुढच्या महिन्यात येते. तोवर नखं तिने कापली तरी माझी हरकत नाही, आणि नाक मुरडलं तरी चालेल.

तुझा लोभ मी गृहीत धरून चालते. त्याचीही मग कबुली द्यावी लागेल का?
तुझी,
शंकाबाई