संगणकातले पाहुणे

मुलुंड

सौ. वसुधेस,
प्लास्टरमधल्या पायासह तू स्वस्थ असशील, असे गृहीत धरतो. रात्री सोबतीला कोण असते?

वास्तुशांत यथासांग झाली. आपल्या सूनबाईंचा, रेवतीचा, हा पहिलाच समारंभ. तिने संगणकात पाहुण्यांना हजार वेळा यादृच्छिक, म्हणजे वाटेल त्या, वेळी आणून पाहिले आणि बारा खुर्च्या पुरतील, असा निष्कर्ष काढला.

मी आक्षेप घेतला, "आपले नातलग स्वतंत्रपणे येत नाहीत. 'तुम्ही निघालात का?' असे एकमेकांना विचारून निघतात."

"बाबा, तुम्ही ना, उगाच घाबरवता!"

साडेबाराला भांडुप, जोगेश्वरी, बोरिवली एकदमच दारात! रेवती रडवेली झाली. त्यामुळे सिद्धान्ताचा विजय बाजूला ठेवून मी खुर्ची सोडली आणि वाढू लागलो.

माझ्या साखरेविषयी निश्चिंत राहा. श्रीखंड माझ्यापर्यंत पोहोचलेच नाही.

तुझा,
मार्तंड