दादाची पारख आणि आईची बिडाची कढई

तीर्थरूप दादास,

सादर प्रणाम. तुझी पाठ कशी आहे? संग्रहातली जुनी बिडाची भांडी उचलून उचलून धरली असेल, असं मी सगळ्यांना सांगते. (वहिनी म्हणते, भांडी ती उचलते आणि कण्हतोस तू. असो.)

आईची कढई "जरा घासूनपुसून आणतो" म्हणून तू घेऊन गेलास आणि चकचकीत करून परत आणलीस, त्याबद्दल आभार मानायचे राहूनच गेले. भाऊ असावा तर असा, म्हणून मी शेजारणीपुढे भरपूर मिरवून घेतलं. आईने मात्र तीत कांदा टाकला, दोनदा उलथनं फिरवलं आणि म्हणाली, "ही माझी नव्हे." कांदा तळाला चिकटून बसला होता. तुला फोन केला, तर तू किती मायेने म्हणालास, "अगं, वय झालं तिचं. डॉक्टरला दाखव." दाखवलं. डॉक्टरने तिला आजचा वार विचारला. तिने वार सांगितला, वर भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं आहे हेही सांगितलं. तरी त्या दिवसापासून तिने स्वयंपाकघर सोडलं. "मला आता माझंच ओळखू येत नाही," एवढंच म्हणते. सध्या सगळे माझ्या हातचं खातात, त्यामुळे घरात शांतता असते.

मग मला तुझी व्याख्यानं आठवली. (तू ती जेवणाआधी देतोस, भुकेल्या माणसांना उठून जाता येत नाही.) अस्सल भांड्यावरून साचा काढून नक्कल ओतली की धातू थंड होताना आकसतो आणि भांडं किंचित लहान होतं. हाताला खरखरीत लागतं, आत यंत्राने घासल्याचे वळसे दिसतात, तळाची अक्षरं पुसट येतात. किती छान शिकवतोस रे! झाकण आमच्याकडेच राहिलं होतं. ते ठेवून पाहिलं, तर मोठ्या माणसाची टोपी पोराच्या डोक्यावर ठेवावी तसं चहूकडून बाहेर आलं. खरखर, वळसे, अक्षरं, सगळं तुझ्या व्याख्यानाबरहुकूम.

बिचाऱ्या दादाला कुणीतरी फसवलं, असंच मला वाटलं. म्हणून ती नक्कल तुला दाखवायला पिशवीत घालून तुझ्या घरी भरलेल्या संग्राहक मित्रांच्या मेळाव्याला आवर्जून आले. तिथे काचेच्या कपाटात आईची कढई विराजमान होती आणि खाली चिठ्ठी: "घराण्याचा ठेवा. हात लावू नये." मला रडू आलं. तुला वाटलं, अभिमानाने.

बाकी क्षेम. पाठीला शेक घे.

तुझी धाकटी बहीण

ता. क. हात लावला. तुम्ही सगळे बाहेर फोटो काढत होतात आणि माझी पिशवी चांगली मोठी होती. कपाटात आता आहे ती तू ओतून घेतलेली. त्यानंतरही तू पाहुण्यांना तिच्याकडे बोट दाखवून "अस्सल माल असा दिसतो" म्हणून सांगतोस, असं वहिनीकडून कळलं. ती फार हसत होती.

आणखी एक. खरी कढई आईपुढे ठेवली, झाकण नीट बसवून दाखवलं. ती म्हणाली, "तू माझी समजूत काढतेस." भांड्यांतलं तुलाच कळतं, यावर तिचा अजून विश्वास आहे. तेव्हा या रविवारी ये आणि तुझ्या तोंडाने सांग, की तिचं काही चुकलं नव्हतं. मला तुझा राग आलाय, पण तो नंतर बघू. तू लवकर ये. हल्ली सकाळी उठल्यावर ती आपल्या सगळ्यांची नावं एकदा म्हणून बघते, विसरले तर नाही ना म्हणून. पहिलं नाव तुझं घेते.