रोशनचा वाटा

रत्नागिरी, सोमवार

माय,

तुझ्या अन् बाबाच्या पाया पडतो. आपल्या दरेकसा गावाले फोन लागत नाही म्हणून लिहून राहिलो. मी बरा आहे. आमची मासेमारीची बोट धक्क्याले बांधून आहे.

टीव्हीवर वादळ सांगून राहिले म्हणून घाबरू नोको. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की कोणतीच बोट समुद्रात जात नाही. चार दिवसांपासून जाळेच शिवून राहिलो. पण जीव लागत नाही. घडीघडी उठतो अन् बावटा उतरला का ते पाहून येतो.

धान कापाले आला का? बाबाचा गुडघा कसा आहे?

लीलाबाईचा रोशन बावटा चढायच्या आदल्या दिवशी दुसऱ्या बोटीवर गेला. जाणार मी होतो, पण मले ताप होता. आता ताप नाही. ते लोकं दुसऱ्या बंदरात थांबले असतील, असं सारे म्हणतात. वायरलेसवर बोलणं झालं नाही. लीलाबाईले एवढंच सांग, की तो कामावर आहे.

बाबा जंगलात गेला की तू त्याचा वाटा झाकून ठेवते, कोणाले हात लावू देत नाही. मी रोशनचा भात तसाच झाकून ठेवतो. पहिल्या दिवशी बोटीवरचा स्वयंपाकी चिडला. म्हणे, "कशाला भात फुकट घालवतोस?"

आज मी जेवाले गेलो, तं त्यानंच रोशनचं ताट वाढून झाकून ठेवलं होतं. माझ्याकडं पाह्यलं नाही.

तुझा
हेमराज