ट्युनिसच्या स्टुडिओला काही होणार नाही

सोमवार, २ सप्टेंबर. सकाळी सव्वाआठ.

ओर्ब्रुन कंपनीचा शेअर उन्हाळ्याभरात निम्म्यावर आला. ऑफिसात सगळ्यांची तोंडं उतरलेली. माझं नाही. मला आत्ताच लियोंहून एतिएनचा फोन आला.

एतिएन ओर्ब्रुनच्या तिथल्या मुख्य ऑफिसातला उपाध्यक्ष. आम्ही ट्युनिसला गेम करायचे, ओर्ब्रुनने ते जगभर विकायचे आणि मध्ये एतिएनने उभं राहायचं, असं अकरा वर्षं चाललंय. म्हणाला, "हिशाम, थोडी छाटणी होणार आहे. पण ट्युनिस म्हणजे आमच्या अंगठीतला खडा. तुमच्या स्टुडिओला काही होणार नाही. फक्त कुठे बोलू नकोस."

कुठेही बोललो नाही. वीस मिनिटांनी सोन्दसला सांगितलं, पण बायको म्हणजे कुठे नव्हे. ती म्हणाली, "अंगठी विकायला नेली की सोनार आधी खडाच काढून बघतो." ती बँकेत आहे. तिला गेममधलं कळत नाही.

संकल्प : १) अडतीस माणसं माझ्याकडे बघून धीर धरतात. चेहरा शांत ठेवायचा. २) रोज सकाळी तळ्याकाठी चार किलोमीटर. ३) दुपारी अंडं भरून तळलेली ब्रिक खाणं बंद.

३ सप्टेंबर

चाललो नाही. ऊन. ब्रिक एकच खाल्ली.

मंगळवार, १० सप्टेंबर

ओर्ब्रुनने बार्सिलोनाचा स्टुडिओ बंद केला. नव्वद माणसं. दुपारी तिथल्या जोर्दीचा फोन आला. दरवर्षी लियोंच्या बैठकीत आम्ही दोघं शेजारी बसतो. बोलता बोलता रडायला लागला. मी समजावलं. मग त्याने विचारलं, "तुला माहीत होतं?"

नाही म्हणालो. ते खोटं नाही. मला "थोडी छाटणी" माहीत होतं. त्यात जोर्दी आहे हे एतिएन कुठे बोलला होता?

शिवाय त्यांचा गेम पडेलच होता. आमची "कप्तान ज़ोहरा" तीनदा चाललीय, चौथा भाग निम्मा झालाय. ला गुलेतच्या बंदरातून निघणारी लंगडी समुद्री लुटारू बाई, तिला ब्राझीलमध्येसुद्धा लोक ओळखतात. ती लंगडी चाल आमच्या प्रोग्रामर उल्फाने अकरा वर्षांपूर्वी ऑफिसच्या गच्चीवर स्वतः लंगडून दाखवली होती. पण "थांबू नकोस, तशीच चालत राहा" असं मी म्हटलं. म्हणजे ज़ोहराचा बाप मीच.

मंगळवार, २४ सप्टेंबर

एतिएनची मेल. दोनच ओळी. "डिसेंबरपर्यंत उल्फाला धरून ठेव. नंतर प्रश्न नाही."

बघा. लियोंमध्ये बसून त्यांना ठाऊक आहे की आमची मुख्य प्रोग्रामर कोण. आणि "नंतर प्रश्न नाही" म्हणजे डिसेंबरनंतर सगळे प्रश्न मिटणार. मेल जपून ठेवली. स्टुडिओचा इतिहास कधीतरी लिहावा लागेल.

गुरुवार, २६ सप्टेंबर

उल्फा केबिनमध्ये आली. दार लावून घेतलं. पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर आहे, पण दार लावलेलं पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाली (अजून मला मानाने 'सी' लावते), "सी हिशाम, हॅम्बुर्गच्या एका कंपनीने बोलावलंय. महिनाअखेरीपर्यंत हो की नाही ते सांगायचंय."

तिचा नवरा मोन्सेफ दोन वर्षांपासून हॅम्बुर्गच्या इस्पितळात नर्स आहे. मुलगी इथे, उल्फाच्या आईकडे. वर्षातून दोनदा भेट.

म्हणाली, "मोन्सेफने दोन खोल्यांचं घर बघून ठेवलंय. मला जायचंय. पण ज़ोहरा निम्म्यात टाकून जायला जीव होत नाही. तुम्ही खरं सांगा. इथे काही होणार असेल तर मी आत्ताच जाते. नसेल तर गेम पुरा करते आणि मग बघू."

मी खुर्चीतून उठून तिच्या शेजारी जाऊन बसलो. (अशा वेळी टेबलाच्या पलीकडे बसू नये.) म्हणालो, "उल्फा, माझा शब्द घे. ट्युनिसला काही होणार नाही."

"एतिएन काही म्हणाला?"

"तुझं नाव घेऊन म्हणाला. तुला सोडायचं नाही म्हणाला."

ती खुर्चीतून उठली. मग म्हणाली, "ठीक. तुमच्या शब्दावर."

आज फार बरं वाटतंय. नेता म्हणजे काय, ते अशा दिवशी कळतं.

१ ऑक्टोबर

उल्फाने हॅम्बुर्गला नकार कळवला. मी ते एतिएनला कळवलं. त्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं.

चालणं उद्यापासून. बूट घेतले.

सोमवार, १४ ऑक्टोबर

लियोंहून हुकूम : ज़ोहराबद्दलचं सगळं, चित्रं, नकाशे, कोड, गोष्टी, जुने निर्णय, एका जागी नीट लावून द्या. उघड आहे, मोठं पुस्तक काढताहेत. कदाचित प्रदर्शनही. मी स्वतः अंगावर घेतलं. एकही कागद सुटता कामा नये. अकरा वर्षांची पत्रं, मेल, सगळं फोल्डरमध्ये घातलं. माझे तीन फोटोही. एकात मी बंदराकडे बघतोय.

सोमवार, २१ ऑक्टोबर

वॉर्सॉहून दोन पाहुणे आले. ओर्ब्रुनच्याच तिथल्या स्टुडिओतले इंजिनिअर, तीन आठवडे राहणार. थोरला तोमाश, दुसऱ्याचं नाव उच्चारता येत नाही. आमच्याकडून शिकायला पाठवलंय. मी सगळ्यांना सांगितलं : हातचं राखून ठेवू नका.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

उल्फा म्हणते, "हे शिकत नाहीत, उचलून नेताहेत. आज सगळे पासवर्ड मागितले. कुठला भाग कोणाला विचारायचा याची यादी मागितली, आणि ती माणसं नसतील तर काय करायचं, तेही विचारलं."

मी म्हणालो, माणसं रजेवर जातात, आजारी पडतात, जबाबदार कंपनी असं विचारतेच.

"सगळी एकदम आजारी पडतात?"

उल्फा हुशार आहे, पण संशयी. मोन्सेफ लांब असल्याने होत असेल.

८ नोव्हेंबर

पाहुण्यांना ला गुलेतला माशाचं कुसकुस खायला नेलं. मी ज़ोहराच्या पाचव्या भागाची गोष्ट सांगत होतो. तोमाश खाली बघून बसला होता, डोळ्यांत पाणी. इथली हरिसा, म्हणजे लाल मिरचीची चटणी, परक्यांना सोसत नाही. निघताना माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "तुम्ही चांगले आहात. मला वाईट वाटतं." पानात अर्धा मासा टाकला होता त्याने. मी म्हणालो, चालायचंच.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

उल्फाने जिन्यात गाठलं. हॅम्बुर्गच्या घरमालकाला या आठवड्यात उत्तर द्यायचंय. मोन्सेफ विचारतोय, घर धरून ठेवू का सोडू. "माझ्याकडे बघून सांगा," म्हणाली.

एतिएनने दहा दिवसांत एकाही मेलला उत्तर दिलेलं नाही. वर्षअखेरीची कामं असतात. मी तिच्याकडे बघून सांगितलं, "सोडू दे."

खरं तर मी तिच्या खांद्यामागच्या भिंतीकडे बघत होतो. पण तिला ते कळलं नसावं.

बुधवार, ४ डिसेंबर. सकाळी साडेसात.

सोन्दसने नाश्त्याच्या टेबलावर फोनमधली बातमी वाचून दाखवली. ओर्ब्रुनने "कप्तान ज़ोहरा" विकली. नाव, चेहरा, गोष्टी, आवाज, सगळं. घेणारी कंपनी मोबाइलचे गेम करते. एकाच रंगाचे तीन मासे ओळीत आले की फुटतात, तसले.

सोन्दस म्हणाली, "स्टुडिओ विकल्याचं यात नाहीये."

म्हटलं, मग बरं आहे ना, स्टुडिओ शाबूत आहे.

तिने फोन टेबलावर उलटा ठेवला. मग म्हणाली, "हिशाम, गाय विकली आणि गोठा ठेवला, असं कोण करतं रे?"

एतिएनचा फोन बंद. विमानात असेल.

५ डिसेंबर

विमानात असेल.

शनिवार, ७ डिसेंबर

इतकं लांबचं विमान नसतं. हे मलाही कळतं. पण त्याच्या घरी कोणी आजारी असू शकतं. माणसाबद्दल एकदम वाईट विचार करू नये.

सोमवार, ९ डिसेंबर. दुपार.

अकरा वाजता सगळ्यांना पडद्यासमोर बसवलं. एक अनोळखी बाई आल्या. पहिली दोन मिनिटं त्यांचा आवाजच नव्हता, नुसते ओठ हलत होते. आवाज आला तेव्हा "म्हणूनच हा कठीण निर्णय" इथपर्यंत पोचल्या होत्या. स्टुडिओ वर्षअखेर बंद. अडतीसच्या अडतीस. मीही धरून. ते एक मला वाटलं वेगळं सांगतील.

मी हात वर करून विचारलं, एतिएन कुठे आहेत? बाई म्हणाल्या, ते एक तारखेपासून दुसऱ्या कंपनीत गेले.

अकरा मिनिटांत अकरा वर्षं. पडदा बंद झाला. उल्फा मागे उभी होती. पुढे आली आणि सगळ्यांदेखत हळूच विचारलं, "सी हिशाम, तुम्हाला माहीत होतं का?"

"नाही," म्हणालो. "मलाही फसवलं."

तिने मान हलवली. पोरं येऊन माझ्या गळ्यात पडली. एकदोघं रडली. मीही रडलो. ते मात्र खरं रडणं होतं.

गुरुवार, १२ डिसेंबर

नोकऱ्यांच्या साइटवरून सूचना आली : "एतिएन नव्या पदावर रुजू झाले आहेत. अभिनंदन करा." खाली बटण होतं. दाबलं. अकरा वर्षांची सवय.

मग फोन भिंतीवर मारला. काच गेली. सोन्दसने काचा झाडून घेतल्या.

माझ्या घरी जेवलाय तो माणूस. सोन्दसच्या हातची मुलुखिया दोनदा मागून घेतली होती. माझ्या मुलाला त्याने फ्रेंच कथांची पुस्तकं पाठवली होती. त्या "खड्या"साठी मी तीन महिने अडतीस माणसांना हसून दाखवलं. हे कोणाला सांगू?

शुक्रवार, २० डिसेंबर

उल्फा शेवटचं सामान न्यायला आली. तेव्हा ऑफिसात आम्ही दोघंच. तिने एक छापलेला कागद माझ्यासमोर ठेवला.

"गेल्या आठवड्यात लियोंला फोल्डर पाठवण्याआधी शेवटचं तपासायला तुम्ही मलाच दिलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही फार नीट लावलंय. एकही कागद सुटलेला नाही."

एतिएनची ती दोन ओळींची मेल होती. डिसेंबरपर्यंत उल्फाला धरून ठेव. नंतर प्रश्न नाही.

मी सांगायचा प्रयत्न केला. "नंतर प्रश्न नाही"चा अर्थ मी कसा घेतला होता, ते सगळं. बोलता बोलता माझं मलाच ऐकू यायला लागलं, आणि वाक्य पुरं झालं नाही.

ती म्हणाली, "हॅम्बुर्गची जागा भरली. घरही गेलं. आमची पोर रोज विचारते, बाबा कधी. हे तुम्हाला रागवायला सांगत नाहीये. माहीत असावं म्हणून सांगते."

खोका उचलून गेली. मी दार धरायला उठलो तोवर ती जिन्यात पोचली होती.

रविवार, १२ जानेवारी

कळलं की उल्फाने अकरा जणांना घेऊन इथल्याच बार्दो भागात एका औषधाच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या आहेत. नवा गेम, स्वतःचा, कुठल्याही लियोंशिवाय. मला कोणी सांगितलं नाही. वाण्याकडे आमच्या एका चित्रकाराची आई भेटली, तिने सांगितलं.

मला न विचारता. मी घडवलेली माणसं. हे म्हणजे एतिएनपेक्षा वाईट झालं.

तरीही राग धरायचा नाही. त्यांना प्रमुख लागणारच. परक्या देशांतल्या लोकांशी बोलायची सवय मला आहे. नऊ पानांची योजना लिहिली. पहिल्या पानावर माणसांची रचना. सगळ्यात वर एक चौकोन. त्यात नाव घातलं नाही. बरं दिसत नाही.

शनिवार, १८ जानेवारी

खजुराचं मकरूद अर्धा किलो घेऊन बार्दोला गेलो. तिसरा मजला. दार उल्फाने उघडलं.

आतून पोरांनी पाहिलं आणि सगळी उठून आली. "सी हिशाम, या, बसा." कोणी खुर्ची दिली, कोणी चहा टाकला. वासीम, आमचा नकाशे काढणारा, म्हणाला, "आम्हाला वाटलं तुम्ही भेटणारच नाही आता. आमच्याइतकंच तुम्हालाही फसवलं त्या लोकांनी." दुसरा म्हणाला, "इथेच या की रोज. तुम्हीही आमच्यातलेच." गेम दाखवला. काफसाच्या खाणीतली एक म्हातारी, आणि तिची रेल्वे. चांगला आहे. माझ्या योजनेतल्यापेक्षा बराच चांगला. पिशवीतून पानं बाहेर काढली नाहीत.

निघताना उल्फा जिन्यापर्यंत आली. दार मागे ओढून घेतलं.

म्हणाली, "ती मेल मी कोणाला दाखवलेली नाही."

मी आभार मानायला लागलो. तिने हाताने थांबवलं.

"तुमच्यासाठी नाही. या पोरांनी लियोंवर विश्वास टाकला, तो गेला. ज़ोहरा गेली. तुमच्यावरचा तरी राहू दे त्यांना. नाहीतर ती माझ्यावरही विश्वास ठेवणार नाहीत, आणि मला या अकरा जणांकडून काम करून घ्यायचंय." मग म्हणाली, "म्हणून इथे येऊ नका, सी हिशाम. तुम्ही रोज समोर बसलात तर मला एक दिवस सांगावं लागेल."

"मोन्सेफ?" मी विचारलं.

"तिथेच आहे," ती म्हणाली. "एका खोलीत, तीन जणांबरोबर."

आत गेली.

मी सावकाश उतरलो. मागून हाक येईल असं वाटत होतं. दुसऱ्या मजल्यावर थांबून बुटाची नाडी बांधली, सुटलेली नसताना. खाली औषधवाल्याने विचारलं, काय हवंय? डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या.

रविवार, १९ जानेवारी

सोन्दसने विचारलं, काय झालं काल? मी म्हणालो, जागा फार लहान आहे त्यांची.

इथे आधी पाऊण पान लिहिलं होतं, की त्यांनी प्रमुख हो म्हणून खूप आग्रह केला आणि मीच नाही म्हणालो. अक्षरसुद्धा छान आलं होतं. आत्ता वाचून खोडलं.

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही.