देव्हाऱ्यातली चिठ्ठी

मंगळवार, संध्याकाळ

...आणि ती चिठ्ठी देव्हाऱ्यात होती! कुंकवाच्या करंड्याखाली, मी घातलेल्या घडीसकट.

शेजारचे नरसूमामा एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर कामाला असतात. रविवारी त्यांना एकदम ताप आणि उलट्या सुरू झाल्या. मी लगेच शहाणी, फर्स्ट एडचा कोर्स केलाय ना! म्हटलं, व्हायरल असेल. आणि लिहून दिलं: ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, घोट घोट द्या, अंगावर पातळ पांघरूण, उलट्या थांबल्या नाहीत किंवा लघवी कमी झाली तर लगेच डॉक्टर. सगळं इंग्लिशमध्ये, पॉइंट्स टाकून. मामांच्या बायकोनं, लक्ष्मीअक्कांनी, मान हलवली. मी खूश.

आज गेले तर मामा दोन जाड चादरींखाली, खिडक्या बंद, ओठ सुकलेले. उलटी होते म्हणून पाणीच बंद केलेलं. रिक्षाने दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, डेंग्यूची पण टेस्ट करू. ते तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"अक्का, चिठ्ठी वाचली नाही?"

"आमाला कुटं येतंय इंग्लिश? पन तू लई मनापासून लिवलीस की, म्हनून देवापाशी ठेवली."

मामा आता बोलतायत. पण मी सॉरीसुद्धा म्हटलं नाही. मराठी लिहायला वेळ लागतो म्हणून इंग्लिश, की भाव खायला? हे पान मुद्दाम मराठीत लिहितेय.

चिठ्ठी अजून तिथंच आहे. उद्या अक्का तिला कुंकू लावतील. आधी माफी मागू, की आधी ती तिथून काढून घेऊ? डायरी, तुला काय वाटतं?