वांग्याच्या पानावरच्या पांढऱ्या माशीची ओळख मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. वनस्पती संरक्षण अधिकारी,
विभागीय वनस्पती संरक्षण कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : रोपवाटिकेतील पांढऱ्या माशीची मी स्वतः दिलेली ओळख मागे घेण्याबाबत, व येत्या शुक्रवारी रोपे जाळण्याची कारवाई थांबवण्याबाबत.

संदर्भ : १) माझ्या सहीचा ओळख अहवाल. २) त्यावरून निघालेला आपला आदेश. ३) माझे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांना आलेले एक उत्तर.

महोदय,

आज दुपारी दोन्ही मुली एकाच वेळी झोपल्या. असे महिन्यातून एखाद्या वेळी घडते. घर इतके शांत झाले होते की खिडकीतल्या जाळीवर वांग्याचे एक पान गळून पडले, त्याचा टप् असा आवाज मला आत ओट्याशी ऐकू आला. कणकेचे हात तसेच घेऊन मी धावले. त्या पानाच्या पाठीवर पांढऱ्या माशीचे नऊ कोष आहेत. पान सुकले की कोषातला जीव मरतो, आणि वाचलाच तर पंख फुटून उडून जातो. माझ्या म्हणण्याला पुरावा काय तो एवढाच, आणि शुक्रवार परवावर आला आहे. म्हणून मुली उठायच्या आत हा तिसरा अर्ज लिहिते. कागदावर पिठाचे डाग दिसल्यास क्षमा असावी.

१. मी आपल्याच कार्यालयाच्या कीटक ओळख कक्षात तंत्रसहायक आहे. कक्षात मी एकटीच आहे. धाकटीचे पाळणाघर अचानक बंद पडल्याने सध्या बालसंगोपन रजेवर आहे. रजेच्या आदल्या दिवशी माझ्या टेबलावर एका रोपवाटिकेतून आलेले पाकीट होते. आत वांग्याची आणि कोबीची पाने एकत्र कोंबलेली होती आणि सगळ्या पानांवर पांढरी माशी होती.

२. आपणांस ठाऊक आहेच, तरी पुढे हा कागद ज्यांच्या हाती जाईल त्यांच्यासाठी लिहिते. उडणाऱ्या पांढऱ्या माश्या सगळ्या सारख्याच दिसतात. त्यांची जात ओळखायची ती पंख फुटण्याआधीच्या कोषावरून. हा कोष खसखशीच्या दाण्याएवढा, चपटा, पानाच्या मागच्या बाजूला चिकटलेला असतो. तो सोडवायचा, धुवायचा, काचपट्टीवर ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याची पाठ पाहायची. मी त्या दिवशी बारा काचपट्ट्या केल्या. सातांवरच्या कोषांची पाठ तुळतुळीत होती, पाचांवरच्या कोषांच्या पाठीवर लांब केस होते. तुळतुळीत त्या साध्या पांढऱ्या माश्या. लांब केसांची म्हणजे आपल्या यादीतली, जी दिसली की रोपवाटिका रिकामी करायची, ती. मार्गदर्शिकेत तसे चित्रासह दिले आहे. मी तसे लिहिले.

३. एव्हाना पाळणाघरातून तिसऱ्यांदा फोन आला होता, की तुमचं बाळ रडून रडून निळं पडलंय, न्यायला या. हे मी कारण म्हणून सांगते, सबब म्हणून नव्हे. अहवालाच्या नमुन्यात ‘यजमान वनस्पती’ असा रकाना असतो, म्हणजे माशी कोणत्या झाडावर सापडली ते. कोणती काचपट्टी वांग्याची आणि कोणती कोबीची हे मला त्यात वेगवेगळे लिहायला हवे होते. मी लिहिले, ‘विविध’. सही केली आणि पर्स उचलली.

४. त्या एका शब्दावरून आदेश निघाला. त्यात ‘विविध वनस्पती’ नष्ट कराव्यात असे आहे, आणि विविध म्हणजे सगळ्याच, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. वांगी आणि कोबी तर त्यात आहेतच. शिवाय टोमॅटो, शेवंती, जर्बेरा, फाटकावरची बोगनवेल, आणि बावीस वर्षांचे जास्वंदीचे एक झाड, ज्यावर पांढऱ्या माशीचे अंडेसुद्धा कोणी पाहिलेले नाही. त्या जास्वंदीला पांढऱ्यावर लाल रेघ असलेले फूल येते. हे रोप मालकीणबाईंनी स्वतः संकर करून केले आहे, आणि त्यांच्या कुंपणाबाहेर ते कुठेही नाही. जाळले की संपले.

५. मालकीणबाईंना गल्लीत सगळे कुंडीमावशी म्हणतात. नोटीस मिळाल्याच्या चौथ्या दिवशी त्या माझे घर शोधत आल्या. हातात स्टीलचा डबा होता आणि डब्यात घट्ट झाकण लावून वांग्याचे एक पान. मला वाटले, आता शिव्या खाव्या लागणार. मी पाणी दिले. त्या ते अर्धे प्यायल्या आणि म्हणाल्या, “बाई, तुम्ही काचेतून बघता, मी बोटानं बघते. वांग्याच्या पानाला लव असते, कोबीचं पान मेणासारखं. केसाळ पानावर केसाळ माशी आणि गुळगुळीत पानावर गुळगुळीत. ही काय दोन जातींची ठरवून केलेली वाटणी आहे होय?”

मी म्हणाले, “मावशी, तसं नसतं ते.”

त्या म्हणाल्या, “नसेल. मी दहावी नापास. पण तुमच्या काचेवरच्या केसाळ सगळ्या वांग्यावरच्याच होत्या का, एवढं सांगा.”

महोदय, मला तो रकाना आठवला. माझ्याच अहवालात ‘विविध’ लिहिले होते.

६. त्या गेल्यावर मला काही सुचेना. धाकटीला पाजताना, कपडे वाळत घालताना डोक्यात तेच. शेवटी जुन्या वह्या काढल्या. शिकत असताना एका तासाला सांगितलेले, वहीच्या समासात माझ्याच अक्षरात सापडले : काही जातींत पिल्लू ज्या पानावर वाढते त्या पानाप्रमाणे कोषाचे रूप बदलते, लवदार पानावर केस येतात, गुळगुळीत पानावर येत नाहीत. खाली दोनदा रेघ ओढलेली. म्हणजे हे मला माहीत होते. माहीत नसते तर इतके लागले नसते.

७. म्हणून मी पुढील प्रयोग केला. डब्यातल्या पानावरच्या एका कोषातून माझ्या देखत एक मादी बाहेर आली. तिला औषधाच्या रिकाम्या बाटलीत धरले, आणि बाळाच्या जुन्या मच्छरदाणीचा तुकडा लावून खिडकीतल्या कोबीच्या रोपावर तीन दिवस ठेवले. मग तिथून काढून तीन दिवस वांग्याच्या रोपावर. दोन्हीकडे तिने अंडी घातली. रोपे दोन, आई एकच. तेव्हापासून घरात खिडकी उघडणे, पंखा लावणे आणि जाळीजवळ चेंडू खेळणे बंद आहे. सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारले, “लोक घरात माश्या मारतात, तू पाळतेस?” पण आता जाळीचे कोपरे नीट आहेत ना, ते रोज सकाळी उठून आधी सासूबाईच पाहतात.

८. परवा कोष तयार झाले. भिंगातून मोजले. कोबीवर एकतीस, सगळे तुळतुळीत. वांग्यावर चोवीस, सगळ्यांच्या पाठीवर लांब केस. त्यांतल्या पंधरांतून कालपर्यंत माश्या बाहेर पडल्या, उरलेले नऊ आज गळलेल्या पानावर आहेत. थोरली पाच वर्षांची आहे. तिने भिंग घेऊन पाहिले आणि म्हणाली, “यांना केस आले. आपल्या बाळाला कधी येणार?” मी हसले, मग मला रडू आले. एका आईची पोरे, आणि मी त्यातल्या अर्ध्यांना गुन्हेगारांच्या यादीत घातले होते.

९. आता कार्यालयाबद्दल. माझा पहिला अर्ज रीतसर आवक झाला आणि त्याला उत्तर आले : ‘सदर अर्ज तज्ज्ञ अभिप्रायासाठी कीटक ओळख कक्षाकडे वर्ग करण्यात आला आहे.’ त्या कक्षात मी एकटीच असल्याचे वर लिहिलेच आहे. माझा अर्ज माझ्याच टेबलावर, माझ्या अभिप्रायाची वाट पाहत पडून आहे. मी येऊन अभिप्राय देते म्हटले, तर रजेवरील कर्मचाऱ्याला सही करता येत नाही. रजा रद्द करते म्हटले, तर त्याला पंधरा दिवस लागतात. बाळाला कडेवर घेऊन दहा मिनिटे सूक्ष्मदर्शकावर बसते म्हटले, तर प्रयोगशाळेत बालकांना मनाई आहे. ती असावीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

१०. दुसरा अर्ज मी स्वतः आवक-जावकच्या बाबूंकडे नेऊन दिला. ते माणूस म्हणून चांगले आहेत. धाकटीला त्यांनी रबरी शिक्का खेळायला दिला. मात्र अर्ज वाचून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “ताई, हे असं आहे. तुमचा अहवाल खरा धरला तर यादीतली माशी तुम्ही घरात पाळलीत, तो गुन्हा. खोटा धरला तर तुम्ही खोटा अहवाल दिलात, तोही गुन्हा. मी कुठली फाईल उघडू?” मी म्हणाले, दोन्ही उघडा. ते म्हणाले, “दोन्ही उघडल्या तर एकमेकींना खोडतात, मग दोन्ही बंद होतात. घरी जा, पोर भुकेलंय.”

११. तरी माझे म्हणणे असे की दोन्ही दोष मला मान्य आहेत. माश्या मी पाळल्या, ‘विविध’ मीच लिहिले. कारणे दाखवा नोटीस द्यावी, वेतनवाढ थांबवावी, बदली करावी, सेवापुस्तकात लाल शाईने नोंद करावी, मी हूं की चूं करणार नाही. फक्त ती चौकशी संपेपर्यंत रोपे उभी राहू द्यावीत. चूक कागदावर झाली असेल तर ती कागदावर दुरुस्त होते. जास्वंद होत नाही.

१२. मला एवढेच हवे आहे : उद्या गुरुवारी कोणाही जाणत्या माणसाला दहा मिनिटे पाठवावे. कक्षातल्या कपाटाच्या तिसऱ्या खणात माझ्या मूळ बारा काचपट्ट्या आहेत. पानांचे तुकडे मी टाकून दिले नव्हते, ते त्याच खणात पाकिटात आहेत, त्यांवर उरलेले कोष कोणत्या पानावर कसे आहेत ते पाहावे. शेजारी माझ्या घरचे कोष ठेवून ताडून पाहावेत. मी चुकत असेन, म्हणजे दुसऱ्यांदा चुकत असेन, तर शुक्रवारी काडी मी स्वतः लावीन. माझ्यावर विश्वास ठेवा असे म्हणत नाही. एकदा ठेवला होता, त्याचे काय झाले ते आपण पाहतच आहोत. विश्वास न ठेवता एकदा बघा, एवढीच विनंती.

१३. सोबत काय जोडले आहे ते इथेच लिहिते, कारण मागच्या अर्जांची शेवटची ओळ कोणी वाचलेली दिसत नाही. एक, कोबीचे पान, काचेच्या बरणीत, जाळी बांधून. दोन, आज गळलेले वांग्याचे पान, दुसऱ्या बरणीत, ओल्या कापसावर. तीन, वहीचे ते पान. बरण्या उन्हात ठेवू नयेत आणि टेबलावर आडव्या करू नयेत. जाळी सोडू नये. त्या साध्या माश्या आहेत असे मी म्हणते खरी, पण माझे म्हणणे तपासून होईपर्यंत मीही तसे धरून चालत नाही.

१४. इतके लिहीपर्यंत थोरली उठली. माझ्या मांडीला टेकून कागदाकडे बघत बसली आहे. काय लिहितेस म्हणून विचारले. मी सांगितले, आईचं चुकलंय, ते साहेबांना सांगतेय. साहेब रागावतील का, म्हणाली. रागावतील, म्हटले. बरणीतल्या पानाकडे बघत होती. आत्ता विचारते आहे, “आई, चूक तू केलीस, तर झाडं मावशींची का जाळणार?”

महोदय, ती अजून माझ्याकडे बघते आहे.

उत्तराची वाट पाहणारी आपली नम्र,

(सही)
तंत्रसहायक, कीटक ओळख कक्ष,
सध्या बालसंगोपन रजेवर

दिनांक : बुधवार, दुपारी सव्वातीन